ज्येष्ठांचा घरातील छळ: तो ओळखावा कसा, विचारावे कसे आणि तक्रार न्यावी कुठे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या दर सहा व्यक्तींपैकी एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो, आणि अशा दर २४ प्रकरणांपैकी जेमतेम एका प्रकरणाची कोठेतरी नोंद होते. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या मोठ्या सर्वेक्षणात साठीपुढील सुमारे ५ टक्के लोकांनीच आपल्याशी वाईट वागणूक होत असल्याचे सांगितले. घरी आलेल्या अनोळखी माणसासमोर, आतल्या खोलीत सून किंवा मुलगा वावरत असताना, ‘हो, मला त्रास होतो’ असे किती आजी-आजोबा म्हणू शकतील, याचा विचार केला तर हा आकडा कमी का दिसतो ते कळते.

म्हणून हा लेख प्रामुख्याने पीडित ज्येष्ठांसाठी नसून त्यांच्या आसपास असणाऱ्यांसाठी आहे: शेजारी, सासरी गेलेली मुलगी, परगावी किंवा परदेशी असलेला दुसरा मुलगा, घरकामाला येणाऱ्या मावशी, नेहमीचे डॉक्टर, बँकेतील कर्मचारी, आशा सेविका, ज्येष्ठ नागरिक संघातील सोबती. छळ उघडकीस येतो तो बहुधा यांच्यापैकी कोणाच्या तरी नजरेतून. मात्र नजरेस पडल्यानंतर पहिले पाऊल चुकले, तर सगळे बिनसते. संशय आला की तडक त्या घरात जाऊन मुलाला जाब विचारणे, हे ते चुकीचे पाऊल आहे. जाब विचारणारा तासाभराने आपल्या घरी जातो, आणि मागे त्याच चार भिंतींत राहिलेल्या वृद्धाला ‘बाहेर जाऊन काय सांगितलेस’ याचा हिशेब द्यावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून दार उघडत नाही, फोन लागत नाही. त्यामुळे आधी पाहणे, मग एकांतात विचारणे, मग नोंद ठेवणे आणि त्यानंतरच यंत्रणेकडे जाणे, हा क्रम जिवावर बेतलेला प्रसंग वगळता मोडू नये.

ते बोलत का नाहीत

मारणारा हात पोटच्या मुलाचा असतो, आणि त्याची तक्रार करणे म्हणजे आपल्याच संस्कारांची चव्हाट्यावर निंदा करणे, असे आई-वडिलांना वाटते. शिवाय नातवंडे तुटतील ही भीती असते. रात्री छातीत दुखले तर दवाखान्यात नेणारा तोच मुलगा असतो. ‘जास्त बोललीस तर वृद्धाश्रमात टाकीन’ ही धमकी तर अनेक घरांत सहज दिली जाते. काही वेळा छळ करणारा स्वतः दारूच्या आहारी गेलेला, बेकार किंवा मानसिक आजाराने ग्रासलेला असतो, आणि आई त्याला पोलिसांच्या हाती द्यायला तयार नसते, कारण तिच्या लेखी तो अजूनही सांभाळण्याचाच जीव असतो. मदतीला जाणाऱ्याने हे प्रेम नाकारू नये. ‘असला मुलगा काय कामाचा’ हे वाक्य उच्चारले की संवाद तिथेच संपतो.

पहिली पायरी: नीट पाहणे

शरीरावरच्या खुणा वाचताना घाई आणि दुर्लक्ष ही दोन्ही टोके टाळावीत. वय वाढले की त्वचा पातळ होते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही कोपराखालच्या हातावर जांभळे डाग उठतात. त्यांवरून लगेच आरोप करता येत नाही. पण जागा महत्त्वाची असते. आपोआप लागलेले मुके मार बहुतेक हातापायांवर असतात. मान, कानामागचा भाग, पाठ, नितंब आणि तळपाय येथे ते सहसा आढळत नाहीत. दोन्ही दंडांवर समोरासमोर उमटलेली बोटांची वळे घट्ट धरून हलवल्याची, तर मनगट किंवा घोट्याभोवतीचा पट्टा बांधून ठेवल्याची शक्यता दाखवतो. मार किती दिवसांचा आहे हे रंगावरून ठरवण्याचा मोह टाळावा, कारण तो अंदाज डॉक्टरांचाही चुकतो. त्यापेक्षा ‘हे कसे झाले’ याची उत्तरे ऐकावीत. आजी म्हणतात न्हाणीघरात पडले, सून म्हणते पलंगावरून पडल्या, आणि दवाखान्यात नेले ते चार दिवसांनी: ही विसंगती जखमेपेक्षा अधिक बोलते.

हेळसांड ओळखणे अधिक कठीण असते, कारण तिथे काही घडलेले नसते, काहीतरी घडायचे राहिलेले असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि टाचांवर खोल गेलेल्या जखमा, सुकलेली जीभ, महिन्या-दोन महिन्यांत सैल पडलेले कपडे, वाढलेली नखे, लघवीचा वास येणारे अंथरूण, या खुणा दिसतात. पण त्याहून बारीक खुणाही असतात. चष्म्याची काडी तुटून महिने झाले आणि कोणी दुरुस्त केली नाही. श्रवणयंत्राची बॅटरी संपली ती संपलीच. कवळी ‘हरवली’ आणि नवी आणली नाही, त्यामुळे आजोबा भाकरी खाऊ शकत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट पाहावे: दहा दिवसांपूर्वी आणलेल्या पंधरा गोळ्यांपैकी चौदा तशाच असतील, तर औषध दिले जात नाही. झोपेच्या गोळ्या मात्र ठरल्यापेक्षा लवकर संपत असतील, तर माणसाला गुंगीत ठेवले जात असण्याची शक्यता तपासावी.

येथे एक गोष्ट न्याय्यपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक हेळसांड दुष्टपणातून होत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला दिवसातून अनेकदा स्वच्छ करणारी, स्वतः पन्नाशी-साठीतली, कंबरदुखीने वाकलेली सून जेव्हा एखाद्या दिवशी हात उगारते, तेव्हा तिला शिक्षेपेक्षा आधी सुट्टीची, दिवसपाळीच्या मदतनिसाची आणि नणंदा-दिरांनी उचललेल्या खर्चाच्या वाट्याची गरज असते. वृद्धाचे दुखणे यामुळे कमी होत नाही, पण उपाय बदलतो. असा थकलेला सांभाळकर्ता बहुधा स्वतःहून बोलतो, डॉक्टरांना घरी येऊ देतो आणि मदत देऊ केली तर ती घेतो. जो लपवतो, भेटू देत नाही, आणि पैशांचा विषय निघाला की चिडतो, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे.

वागण्यातील बदलही टिपावेत. रोज संध्याकाळी कट्ट्यावर येणारे गृहस्थ अचानक येईनासे होतात. फोन नेहमी दुसरेच कोणी उचलते आणि ‘झोपलेत’ असे उत्तर मिळते. प्रश्न आजींना विचारला तरी उत्तर देण्यापूर्वी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतात. बाहेरून कडी घातलेली खोली, काढून घेतलेला मोबाइल, बंद झालेले भजनी मंडळ किंवा विरंगुळा केंद्र, यांतून माणसाला एकटे पाडण्याची प्रक्रिया दिसते, आणि माझ्या मते मारहाणीपेक्षाही हीच खूण अधिक गांभीर्याने घ्यावी, कारण पुढचे सारे लपवण्याची सोय याच एकटेपणातून होते.

उरतो पैसा. निवृत्तिवेतन किंवा श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात जमा होतात, पण एटीएम कार्ड नातवाकडे असते आणि आजीला औषधासाठी हात पसरावे लागतात. गावात बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा उठवून रक्कम काढली जाते आणि किती काढली ते तिला सांगितले जात नाही. शहरात इमारतीचा पुनर्विकास जवळ आला की म्हाताऱ्या सभासदाच्या सह्यांना एकाएकी भाव येतो. शेतजमिनीच्या बाबतीत हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र ‘कर्जाचे कागद’ म्हणून पुढे केले जाते. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातू, नात यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. कुटुंबांसाठी ही सवलत योग्यच आहे, पण त्यामुळे दडपणाखाली दस्त करून घेणेही स्वस्त झाले आहे, हे विसरता येत नाही.

दुसरी पायरी: एकांतात विचारणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. भेट एकट्याने व्हायला हवी, आणि ती तशी व्हावी यासाठी निमित्त शोधावे लागते. दवाखान्यात डॉक्टरांनी ‘मी तपासतो, तुम्ही जरा बाहेर बसा’ असे सांगणे ही सर्वांत नैसर्गिक संधी असते, आणि डॉक्टरांनी ती प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाच्या बाबतीत नियम म्हणून वापरावी, म्हणजे कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येणारा निवृत्तिवेतनधारक हीदेखील अशीच संधी आहे: ‘कार्ड तुमच्याजवळच आहे ना, पैसे कोण काढतं?’ हा प्रश्न काउंटरवरील कर्मचाऱ्याला कामाचा भाग म्हणून विचारता येतो. शेजाऱ्यांना देवदर्शन, हळदीकुंकू, सकाळचे फिरणे ही निमित्ते असतात. परगावच्या मुलीने आईला पंधरा दिवस माहेरपणाच्या उलट वाटेने आपल्याकडे आणावे. बोलायला तिला पहिला आठवडा लागेल, हे धरून चालावे.

प्रश्न थेट ‘तुम्हाला मारतात का’ असा नसावा. सुरुवात दिनक्रमापासून करावी. ‘आजी, सकाळचा चहा किती वाजता मिळतो? जेवायला सगळ्यांबरोबर बसता का?’ मग ‘घरात कोणाची भीती वाटते का?’, ‘दवाखान्यात जायचं म्हटलं तर कोणी अडवतं का?’, ‘अलीकडे कुठल्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला का, आणि तो वाचून दाखवला होता का?’ असे पुढे जावे. यानंतर अगदी साध्या शब्दांत ‘कोणी हात उगारला का?’ हे विचारता येते. उत्तर ‘नाही’ आले तरी पुन्हा भेटत राहावे. पहिल्या भेटीत होकार मिळणे दुर्मीळ असते.

होकार मिळाला, तर तीन गोष्टी टाळाव्यात. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येईलच असे नाही. त्याऐवजी ‘तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाही’ असे म्हणावे. धक्का बसल्याचे चेहऱ्यावर दाखवू नये. आणि उपाय आपण ठरवू नये. ‘तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?’ हा या सगळ्या मार्गातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बऱ्याचदा उत्तर फार लहान असते: मारू नये, वेळेवर जेवण मिळावे, पेन्शनचे पुस्तक परत मिळावे, त्याने वेगळे राहावे. मानसिकदृष्ट्या सक्षम असलेल्या माणसाला, तो कितीही वृद्ध असला तरी, आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेण्याचा हक्क आहे. मुलाजवळच राहायचे असे आईने ठरवले, तर तिथे तिची सुरक्षितता कशी वाढवता येईल ते पाहावे आणि येणे-जाणे चालू ठेवावे.

स्मृतिभ्रंश असेल तर गुंतागुंत वाढते. ‘माझ्या बांगड्या चोरल्या’ ही तक्रार त्या आजाराचे लक्षण असू शकते, आणि खरीही असू शकते. बांगड्या आहेत की नाहीत हे पाहणे एवढे तरी करता येते. आजाराचे नाव सांगून सगळ्याच तक्रारी फेटाळणाऱ्या नातेवाइकावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते जरूर पाहावे.

तिसरी पायरी: लिहून ठेवणे

एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, काय पाहिले, काय ऐकले, आणि ज्येष्ठांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे. ‘सून क्रूर आहे’ असे न लिहिता ‘१२ तारखेला दुपारी ३ वाजता खोलीला बाहेरून कडी होती, आतून हाका ऐकू आल्या’ असे लिहावे. अनुमान आणि निरीक्षण वेगळे ठेवावे. जखमांची छायाचित्रे परवानगी घेऊन काढावीत, एकात चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील आणि दुसऱ्यात जखमेशेजारी नाणे किंवा पट्टी ठेवलेली असेल अशी. चित्रफीत किंवा ध्वनिमुद्रण ज्या फोनवर केले तो फोन आणि मूळ फाइल जपावी, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

ही चित्रफीत सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. तिने गुन्हा दाखल व्हायला मदत होतेही, पण मार खातानाचे आपले रूप साऱ्या गावाने पाहिले या लाजेने त्या आजी पुढे जबाब द्यायलाच नकार देऊ शकतात. ती पोलिसांना आणि ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणालाच (त्याविषयी पाचव्या पायरीत) द्यावी.

मारहाण झाली असेल तर शक्यतो त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावे, वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे ‘एमएलसी’, करायला सांगावे आणि जखम कशी झाली हे रुग्णाच्या शब्दांत केसपेपरवर लिहून घ्यावे. बँकेचे खातेपुस्तक भरून घेतले, तर कधीपासून आणि किती रक्कम कोठून काढली जाते ते दिसते. जमिनीचा सातबारा आणि फेरफार ऑनलाइन पाहता येतात, आणि नोंदणीकृत दस्तांचा शोध नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर घेता येतो. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. ती नोटीस वृद्धांच्या हाती पडली का, की घरातच दुसऱ्या कोणी सही करून घेतली, हे तपासावे.

वाट पाहू नये असे प्रसंग

जीव धोक्यात असेल, कोंडून ठेवले असेल, अन्न-पाणी किंवा इन्सुलिनसारखे औषध रोखले असेल, किंवा रस्त्यावर सोडून दिले असेल, तर वरचा क्रम बाजूला ठेवून थेट ११२ वर फोन करावा. सल्ला आणि मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत विनामूल्य उपलब्ध असते. पीडित स्त्री असेल तर १८१ ही महिला मदतवाहिनीही आहे.

पोलीस ठाण्यात साध्या मारहाणीची तक्रार बहुधा अदखलपात्र म्हणून, ‘एनसी’ म्हणून, नोंदली जाते. त्यामुळे निराश होऊ नये; त्या नोंदीची प्रत घ्यावी, कारण पुढे तीच पहिला लेखी पुरावा ठरते. कोंडून ठेवले असेल तर ते स्पष्टपणे सांगावे, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली तो दखलपात्र गुन्हा आहे. आपल्या जबाबदारीत असलेल्या ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेतरी सोडणे हाही ज्येष्ठांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याच्या (त्याविषयी पाचव्या पायरीत) कलम २४ नुसार दखलपात्र गुन्हा असून त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साठ वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. हे कलम तक्रार नेणाऱ्याने लक्षात ठेवावे आणि नम्रपणे सांगावे. पुण्यासारख्या शहरांत पोलिसांच्या भरोसा कक्षात ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकण्याची सोय आहे.

चौथी पायरी: पैशांची दारे बंद करणे

तक्रार दाखल झाल्याचे कळताच खाते रिकामे होण्याचा धोका असतो, म्हणून हे काम आधी किंवा निदान त्याच दिवशी करावे. एटीएम कार्ड बंद करून नवे मागवावे, नोंदलेला मोबाइल क्रमांक ज्येष्ठांचाच आहे का ते पाहावे, आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे म्हणजे अंगठ्यावर पैसे काढता येत नाहीत. संयुक्त खाते ठेवायचेच असेल तर हयातीत केवळ पहिल्या नावाच्या व्यक्तीलाच व्यवहार करता येईल अशी अट बँकेला लिहून द्यावी. सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिली आहे. शाखेत जाता येत नाही म्हणून कार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांनी ती मागावी.

कुलमुखत्यारपत्र दिलेले असेल तर ते नोंदणीकृत दस्ताने रद्द करून वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, त्यामुळे ‘सही करून दिली, आता काय होणार’ ही भीती तिथे निराधार आहे. बक्षीसपत्राचे तसे नसते, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

पाचवी पायरी: प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या विषयातील मुख्य कायदा आहे. महाराष्ट्रात उपविभागीय अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण प्रांत म्हणतो ते, या कायद्याखालील न्यायाधिकरणाचे काम पाहतात. कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातील ज्येष्ठांनाही तो लागू आहे. ज्येष्ठ राहतात तेथे, पूर्वी राहत होते तेथे किंवा मुले राहतात तेथे, यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो. स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर ज्येष्ठांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. अर्ज वकिलाशिवाय चालवता येतो. ज्येष्ठांची इच्छा असेल तर याच कायद्याखाली नेमलेले निर्वाह अधिकारी त्यांची बाजू मांडतात. कायदेविषयक मोफत मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि १५१०० हा क्रमांक आहे, आणि स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

अर्ज दोन-तीन पानांपेक्षा मोठा नसावा. आपले वय व त्याचा पुरावा, उत्पन्न किती आणि ते का पुरत नाही, प्रत्येक मुलाचे नाव-पत्ता-व्यवसाय, प्रसंग तारखेनिशी, आणि शेवटी नेमकी मागणी: दरमहा किती रक्कम, औषधखर्च, घरातून कोणी बाहेर जावे का, कोणता दस्त रद्द व्हावा. मागणी लिहिलेली नसेल तर आदेशात ती येण्याची शक्यता कमी असते. अंतरिम निर्वाह रक्कम त्याच अर्जात मागावी. फक्त छळ करणाऱ्या मुलाविरुद्ध अर्ज केला तरी चालतो, पण दूर राहून सारे माहीत असलेल्या इतर भावंडांनाही खर्चाच्या वाट्यासाठी सामील करणे मला अधिक न्याय्य वाटते. कायद्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात येतात. अपत्य नसेल तर ज्याच्या ताब्यात संपत्ती आहे किंवा ज्याला ती वारसाहक्काने मिळणार आहे, त्या नातेवाइकावर जबाबदारी येते.

निर्वाहाची रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठरवता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, आणि अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवसांत, निर्णय व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, त्यामुळे प्रत्येक तारखेला कोणीतरी सोबत जाणे आवश्यक असते. एकट्या सत्तरीतल्या बाईंना प्रांत कार्यालयाच्या बाकावर दिवसभर बसवून ठेवले तर तिसऱ्या तारखेला त्या येत नाहीत. मध्ये समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवले जाऊ शकते. समेटात सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा आणि ‘यापुढे नीट वागेन’ एवढ्यावर समाधान न मानता रक्कम, तारीख आणि खात्याचा क्रमांक लिहून घ्यावा. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

सून ही या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. त्रास सुनेकडून असेल आणि पीडित सासू असेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ हा मार्ग आहे. या कायद्याखाली तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येईल ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकली, त्यामुळे आई मुलाविरुद्ध आणि सुनेविरुद्धही संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयात जाऊ शकते. उलट बाजूने, ज्येष्ठांचा कायदा पुढे करून सुनेला बेघर करण्याचेही प्रयत्न होतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले की ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी गरज असेल तर घर सोडण्याचा आदेश देता येतो, पण सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क सरसकट डावलता येत नाही. मदत करणाऱ्याने आपला उपयोग अशा कामासाठी होऊ देऊ नये.

बक्षीसपत्र करून दिले असेल तर

२००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाल्याचे मानून न्यायाधिकरण रद्द करू शकते. अडचण ‘अटीवर’ या शब्दात आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये असे म्हटले की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, नुसते बक्षीसपत्र पुरेसे नाही. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात, मुलाने त्याच सुमारास वेगळ्या कागदावर लिहून दिलेले सांभाळाचे वचन ग्राह्य धरून, न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा असे सांगितले. म्हणून जुने कागद शोधावेत: वचनचिठ्ठी, मुलाने पाठवलेले संदेश, त्या वेळचे साक्षीदार. ज्यांनी अजून दस्त केला नाही, त्यांनी सांभाळाची अट, आजन्म राहण्याचा हक्क आणि दरमहा द्यायची रक्कम दस्तातच लिहून घ्यावी. त्याहूनही चांगले म्हणजे हयातीत मालमत्ता देऊच नये आणि मृत्युपत्रावर भागवावे. विश्वासातल्या मुलालाही हे सांगताना संकोच वाटू देऊ नये.

आदेश मिळाल्यानंतर

आदेशाची प्रत ज्येष्ठांना विनामूल्य मिळते. तिच्या दोन प्रती घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे ठेवाव्यात. रक्कम थेट त्यांच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी. आदेश मोडला तर त्याच न्यायाधिकरणाकडे वसुलीचा अर्ज करता येतो, आणि रक्कम थकवणाऱ्याला एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी रक्कम भरली तर तोपर्यंत, कैद होऊ शकते. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात देईल’ म्हणून थांबत राहू नये. मुलगा शासकीय किंवा निमशासकीय नोकरीत असेल तर त्याच्या कार्यालयालाही कळवता येते. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांना देण्याचा निर्णय काही वर्षांपूर्वी घेतला होता.

पुढचे काही महिने भेटींचे वेळापत्रक आखावे: सोमवारी शेजारी, गुरुवारी ज्येष्ठ नागरिक संघातील कोणी, रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल, महिन्यातून एकदा डॉक्टर. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे नाव पोलीस ठाण्याच्या यादीत नोंदवून घ्यावे, म्हणजे बीट अंमलदाराची फेरी होते. प्रत्येक भेटीत औषधाचे पाकीट, खातेपुस्तक आणि फोन या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि वहीत लिहिणे थांबवू नये. पुन्हा त्रास सुरू झाल्याचे दिसले तर नव्याने सारे सिद्ध करत बसण्याऐवजी त्याच प्रकरणाचा क्रमांक देऊन दुसऱ्याच दिवशी प्रांत कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी.